गरम चहाचे कप

मेरी सेलेस्टवर, म्हणजे १८७२ मध्ये भर अटलांटिकमध्ये माणसांविना सापडलेल्या त्या जहाजावर, गरम चहाचे कप नव्हते. अर्धवट खाल्लेला नाश्ता नव्हता, चुलीवर रटरटणारी कोंबडीही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अधूनमधून कुणीतरी मला 'चहा गरम होता, पण माणसं हवेत विरली' ही गोष्ट फॉरवर्ड करतं आणि खाली विचारतं, "काका, तुम्ही बोटीवर होतात ना? मग हे काय असेल हो?" व्हिडिओ असेल तर मागे घुबडाचा घूत्कार आणि धुक्यातून येणारं काळंकुट्ट गलबत. भर अटलांटिकमध्ये घुबड कुठून आलं, हे गूढ मला जास्त मोठं वाटतं.

उमेदीची सगळी वर्षं मी टँकरवर काढली, त्यातली बरीचशी केमिकल टँकरवर. चीफ ऑफिसर म्हणून उतरलो, आता दापोलीजवळ माड-पोफळी सांभाळतोय. मेरी सेलेस्टच्या पोटात जो माल होता, म्हणजे अल्कोहोल, तो मीही जन्मभर वाहिला. त्यामुळे या प्रकरणात मला भूत कधी दिसलंच नाही. दिसले ते पंप, हॅच (डेकवरून मालाकडे उतरायची झाकणदार तोंडं) आणि साउंडिंगची, म्हणजे तळातलं पाणी मोजायची, दांडी. आणि खरं सांगतो, भुतापेक्षा ही दांडी जास्त छळते.

आधी घडलं काय ते थोडक्यात. दोन डोलकाठ्यांचं लाकडी शिडाचं जहाज, २८२ टनांचं, लांबी जेमतेम १०३ फूट. ७ नोव्हेंबर १८७२ ला न्यूयॉर्कहून निघालं, जायचं होतं इटलीतल्या जिनोआला. माल १,७०१ पिंपं अल्कोहोल. कॅप्टन बेंजामिन ब्रिग्ज, वय ३७, दारूला न शिवणारा, धार्मिक, जहाजात स्वतःची भागीदारी असलेला. सोबत बायको सारा आणि दोन वर्षांची मुलगी सोफिया. सात वर्षांच्या आर्थरला शाळेसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये आजीकडे ठेवलेलं. अधिकारी, खलाशी आणि भंडारी मिळून सात. एकंदर दहा जीव.

४ डिसेंबरला (समुद्रावर तेव्हा दिवस दुपारी बाराला बदलायचा, म्हणून काही ठिकाणी ५ तारीख सापडेल) अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात 'डेई ग्रात्सिया' या जहाजाला ती दिसली. काही शिडं चढवलेली, काही वाऱ्याने फाडून नेलेली, चाल वेडीवाकडी. कॅप्टन मोरहाउसने खुणा केल्या, उत्तर नाही. मग त्याचा फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, ऑलिव्हर डेव्हो होडी टाकून वर गेला.

या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे हा डेव्हो. पुढे जिब्राल्टरच्या कोर्टात त्याने दिलेली साक्ष वाचली की वाटतं, माझ्या हाताखाली असा सेकंड ऑफिसर असता तर मी निवांत झोपलो असतो. जे बघितलं तेवढंच बोलतो. पुढचा हॅच आणि मागच्या कोठाराचा हॅच उघडे, झाकणं बाजूला डेकवर. मधला मोठा हॅच मात्र घट्ट बंद. होकायंत्राची पेटी जागेवरून सरकलेली, काच फुटलेली. होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या तळकोठीत, साडेतीन फूट पाणी. दोन पंपांपैकी एक आतून काढलेला. कॅप्टनच्या केबिनमध्ये वरच्या झरोक्यांतून आणि दारातून पाणी शिरून सगळं ओलं झालेलं, पण मारामारीची किंवा आगीची खूण कुठेही नाही. बिछान्यावर लहान मूल झोपून उठल्यासारखा खळगा. स्वयंपाकघरात भांडी जागच्या जागी, शिजवलेलं किंवा शिजत घातलेलं काहीही नाही. कोठीत अन्नपाणी मुबलक. होडी गायब. सेक्स्टंट, क्रोनोमीटर (समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायची साधनं) आणि जहाजाची कागदपत्रं गायब. खलाशांचे पाइप आणि तेलकापडी कपडे मात्र तिथेच.

शेवटची नोंद २५ नोव्हेंबरच्या सकाळी आठची, अझोर्समधल्या सांता मारिया बेटाजवळची. म्हणजे नऊ दिवस आणि जवळजवळ ४०० सागरी मैल हे जहाज एकटंच चाललं होतं. नऊ दिवसांनी चहा गरम कसा राहील, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही पडत नाही.

होडी नाही म्हणजे माणसं होडीत बसून गेली. पाइप राहिले म्हणजे घाईत गेली. क्रोनोमीटर आणि सेक्स्टंट नेले म्हणजे नेणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं. एवढं तर पहिल्याच दिवशी डेव्होलाही कळलं असणार. मग 'माणसं हवेत विरली' हे आलं कुठून?

बरंचसं आलं एका तरुण डॉक्टरकडून. जानेवारी १८८४ मध्ये लंडनच्या 'कॉर्नहिल' मासिकात एक निनावी कथा आली. त्यात जहाजाचं नाव 'मारी सेलेस्त', होड्या सगळ्या जागेवर टांगलेल्या, आणि खलाशांना संपवणारा एक सूडाने पेटलेला खुनी. लेखक आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचा जन्म व्हायला अजून अवकाश होता, दवाखान्यात पेशंट फारसे नव्हते, गडी हात चालवून बघत होता. कथा कथा म्हणून फर्मास आहे, पण लोकांनी ती हकीकत म्हणून गिळली. एकदा होड्या जागेवर आहेत असं धरलं की पुढचं सगळं गूढच होणार. बाहेर जायचा रस्ताच त्याने बंद करून टाकला! चहा, नाश्ता, कोंबडी ही नंतरची फोडणी. महाकाय ऑक्टोपसही येऊन गेला.

माझी लाडकी थाप मात्र १९१३ ची. 'स्ट्रँड' मासिकात एका शाळेच्या हेडमास्तरांनी छापायला दिलेली, कुणा एबल फॉस्डिक नावाच्या नोकराच्या कागदपत्रांतून म्हणे. सोफियाला बसून समुद्र बघता यावा म्हणून जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक छोटा माच बांधला होता. एक दिवस कॅप्टन ब्रिग्ज अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून जहाजाभोवती पोहायला लागला, कपडे घालून माणूस कितपत पोहू शकतो यावर वाद झाला म्हणून. बाकीचे बघायला माचावर चढले, माच मोडला, सगळे पाण्यात आणि शार्कच्या तोंडी. एकटा फॉस्डिक वाचला. या महाशयांना जहाजाचं वजनही धड सांगता आलं नाही, ६०० टन म्हणतात, आणि खलाशी इंग्रज म्हणतात. खलाशांपैकी चौघं जर्मन होते. नोव्हेंबरच्या अटलांटिकमध्ये वादळी हवेत कॅप्टन पैजेखातर पोहायला उतरतो, यावर विश्वास ठेवायला समुद्र फक्त चौपाटीवरून बघितलेला असावा लागतो.

डॉयलच्या आधी मात्र जिब्राल्टरला एक गृहस्थ होऊन गेले. डेव्होने दोन माणसं घेऊन ते अर्धवट शिडांचं जहाज हाकत १३ डिसेंबरला जिब्राल्टरला आणलं. बेवारस जहाज वाचवून आणलं की वाचवणाऱ्यांना बक्षीस मिळतं, त्याला साल्व्हेज म्हणतात, आणि ते ठरवायला कोर्ट बसतं. तिथे सरकारी वकील होते फ्रेडरिक सॉली-फ्लड. यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं की खून झालाय. खलाशांनी माल फोडला, झिंगले, कॅप्टनला कापलं. कॅप्टनच्या बिछान्याखाली एक तलवार सापडली, तिच्यावर डाग. कठड्यावर डाग. नाळेवर ओरखडे. डाग तपासायला दिले तर रक्त निघालं नाही. ओरखडे लाटांच्या माराने पडलेत असं अमेरिकन नौदलाच्या कॅप्टन शुफेल्टने बघून सांगितलं. मग संशय डेई ग्रात्सियाच्या लोकांवर, तेही चिकटेना. शेवटी एप्रिल १८७३ मध्ये बक्षीस जाहीर झालं ते १,७०० पौंड. जहाज आणि माल यांच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तीन माणसांनी भर डिसेंबरात दुसऱ्याचं मोडकं जहाज जिवावर उदार होऊन आणायचं आणि वर खुनी म्हणून बोटं मोडून घ्यायची. किनाऱ्यावर बसलेल्या साहेबांचा समुद्रावरच्या माणसांवरचा हा अविश्वास माझ्या ओळखीचा आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

आता मालाकडे येतो. जिनोआला माल उतरवला तेव्हा १,७०१ पैकी ९ पिंपं रिकामी निघाली. ही नऊ पिंपं लाल ओकच्या लाकडाची होती असं सांगतात, बाकीची पांढऱ्या ओकची. लाल ओक सच्छिद्र असतो, त्यातून अल्कोहोल झिरपतं. पांढऱ्या ओकमधून नाही, म्हणून दारू मुरवायला तोच वापरतात. न्यूयॉर्कहून थंडीत निघालेलं जहाज अझोर्सच्या उबदार हवेत आलं. वाटेत खराब हवामान, म्हणजे हॅच बंद. होल्डमध्ये वाफ कोंडत गेली असणार.

इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, साधारण १३ अंश सेल्सियस. हवेत त्याची वाफ सव्वातीन टक्क्यांपासून एकोणीस टक्क्यांपर्यंत असली की एक ठिणगी पुरते. वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साठून राहते. आमच्या टँकरवर टाकीत नायट्रोजन भरायचा, वाफेचा दाब वाढला तर सोडायला व्हॉल्व्ह, डेकवर मोबाइल न्यायची बंदी, पायात ठिणगी न पाडणारे बूट. एवढं करूनही माल उतरवायच्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. ब्रिग्जकडे यातलं काय होतं? लाकडाची पिंपं, ताडपत्री आणि देवावरचा भरवसा. शिवाय हा माल त्याने आधी कधी वाहिलेला नव्हता असं म्हणतात. हॅच उघडला, आतून वाफेचा भपकारा आला, किंवा खाली 'गुडगुड' ऐकू आलं, तर पोटात गोळा येणारच.

२००६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे आंद्रेआ सेला यांनी एका टीव्ही कार्यक्रमासाठी होल्डचा नमुना बांधून, पिंपांऐवजी कागदाचे ठोकळे ठेवून आत ब्यूटेन पेटवला. मोठा भडका उडाला, दाबाची लाट आली, पण कागद करपलेसुद्धा नाहीत. म्हणजे स्फोट होऊनही डेव्होला खूण दिसली नसती. प्रयोग झकास. पण मला एक गोष्ट खुपते. मधला मोठा हॅच घट्ट बंद होता. दाबाने झाकणं उडाली म्हणावं तर सगळ्यात मोठ्या झाकणाला धक्का नाही आणि लहान दोन डेकवर, हे जुळत नाही. ते हॅच कुणीतरी हाताने उघडले असावेत, वारा खेळवायला किंवा आत बघायला. भीती वाटायला स्फोट व्हावाच लागतो असंही नाही.

म्हणून मी परत परत त्या दांडीकडे येतो. डेव्होला डेकवर पंपाजवळ एक साउंडिंगची दांडी पडलेली दिसली, तात्पुरती बनवलेली. जहाजाच्या तळात किती पाणी साठलंय हे डोळ्यांनी दिसत नाही, मोजावं लागतं. आजही जहाजावर हेच करतात, सेन्सर असले तरी. पितळेची दांडी दोरीला बांधायची, तिच्यावर खडू फासायचा, पाइपातून खाली सोडायची. तळाला टेकली की हाताला बारीक 'टक' लागतो. झटक्यात वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत ओला झालाय ते बघायचं. ऐकायला पोरखेळ. पण जहाज डोलत असेल तर तळातलं पाणी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला धावत असतं, आणि एकाच पाइपात एकदा दोन फूट दिसतं, एकदा चार. पाइपाच्या भिंती ओल्या असतील तर खडू वरपर्यंत पुसला जातो. नवीन कॅडेट धापा टाकत ब्रिजवर येऊन सांगतो, "सर, पाच फूट!" आणि आमचा सारंग, खलाशांचा मुकादम, मागून शांतपणे म्हणतो, दांडी पुसून परत घे. कोरडी दांडी, तीन वेळा, तीन आकड्यांचा मेळ. हे सारंगाने शिकवलेलं मी कधी विसरलो नाही.

ब्रिग्जची अडचण याहून वाईट होती. पंप काढला तो बहुधा त्याच्या नळातून दांडी सोडायला, किंवा तो तुंबला म्हणून. ॲन मॅकग्रेगर या माहितीपट बनवणाऱ्या बाईंनी कागदपत्रं खणून मांडलेलं असं: आधीच्या खेपेला जहाजात कोळसा होता, त्यानंतर मोठी दुरुस्ती झाली, आणि कोळशाची पूड व लाकडाचा भुसा पंपात जाऊन बसला असावा. होल्ड मालाने ठासून भरलेला, त्यामुळे खाली उतरून पाणी बघायची सोय नाही. क्रोनोमीटरही बिघडला असावा असं त्यांचं म्हणणं. क्रोनोमीटर चार मिनिटांनी चुकला की रेखांश एका अंशाने चुकतो, त्या अक्षांशावर साधारण ४८ सागरी मैल. जिथे जमीन दिसायला हवी तिथे ती दिसत नाही, आदल्या रात्री वादळ, पाणी किती चढलंय सांगता येत नाही, आणि मग अचानक सकाळी सांता मारिया समोर.

साडेतीन फूट पाण्याने ते जहाज बुडणार नव्हतं. होल्डची खोली सोळा फुटांच्या वर, आणि पिंपांतला माल पाण्यापेक्षा हलका. डेव्होने दुसरा पंप चालवून पाणी उपसलं आणि जहाज नीट जिब्राल्टरला नेलं. पण डेव्होला पाणी साडेतीन फूट आहे हे समजलं होतं. ब्रिग्जला आकडा मिळाला तो कुठला, हे कोण सांगणार? दांडी ओली होती की कोरडी?

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे की तराफ्यात चढून जायची वेळ येईपर्यंत जहाज सोडू नका. म्हणजे जहाज इतकं खाली गेलं पाहिजे की तराफा पायरीच्या वर आला पाहिजे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात २४ नौका माणसांनी सोडून दिल्या, आणि नंतर मोजल्या तर त्यांतल्या पाचच बुडालेल्या. तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काही मात्र मेले. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रिग्जलाही असणार, त्याच्या घरात तर सगळेच दर्यावर्दी.

पण त्याच्या घरची माणसं जहाजावर होती. त्याने किती फरक पडतो हे मी बघितलंय. एका ट्रिपला बायको आणि तीन वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होत्या. आमच्यात ते चालतं, कंपनी परवानगी देते. अटलांटिकमध्येच, रात्री दोनच्या सुमाराला फायर अलार्म वाजला. मी मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागी, धावलो, बायको मुलीला घेऊन आली. पोरीच्या अंगात मुलांचं लाइफजॅकेट, तेही गुडघ्यांपर्यंत आलेलं, त्यातून नुसते डोळे दिसत होते. आमचे कॅप्टन केरळचे, पिकलेले, वादळात चहा न सांडणारे. ब्रिजवरून खाली आले, आधी मुलीकडे बघितलं आणि मग पॅनेलवर काय आलंय ते विचारलं. क्रम लक्षात घ्या. लॉन्ड्रीत ड्रायरमधल्या धाग्यांच्या गुंत्याने धूर धरला होता, पाच मिनिटांत विझवला. सकाळी ते मला हिंदीत म्हणाले, मुलं जहाजावर असली की माझी गणितं लवकर होतात. चुकतात असं म्हणाले नाहीत, लवकर होतात म्हणाले.

ब्रिग्जच्या बाबतीत मला हेच वाटतं. एकटा असता तर आणखी दोनदा दांडी टाकली असती. समोर जमीन, होडी तयार, कडेवर दोन वर्षांची पोर. त्याने ठरवलं असणार की घटकाभर होडीत बसू, दोराने जहाजाला बांधून मागे राहू, बुडतंय की तरतंय ते बघू. जहाज कायमचं सोडायचा विचार नसावा. डेव्होला मुख्य शिडाचा एक मोठा दोर तुटलेला दिसला होता. होडीला बांधलेला तोच असेल तर बाकीची गोष्ट त्या दोरात आहे. दहा माणसांची होडी, वारा वाढतो, काही शिडं वर तशीच आहेत, दोर ताणतो आणि तुटतो. शिडाचं जहाज वाऱ्यावर पाच-सहा नॉट, म्हणजे तासाला पाच-सहा सागरी मैल, सहज जातं. वल्ह्यांनी त्याला गाठता येत नाही. जीव तोडून मारलीत तरी नाही.

हे सिद्ध झालेलं नाही, होणारही नाही. दोर कशाला बांधला होता हे सांगायला कुणी उरलं नाही. ज्यांना अल्कोहोलचा भडका पटतो त्यांच्याशी मी भांडत नाही, भडका आणि पाणी दोन्हीही असू शकतं. फक्त समुद्रचोर, ऑक्टोपस आणि बर्म्युडा ट्रँगल घेऊन येऊ नका. बर्म्युडा तिथून दोन हजार मैलांच्या आसपास पश्चिमेला आहे, नकाशा काढून बघा.

याच्या बरोबर उलट वाटणारं प्रकरण आहे 'जोयिता'चं, आणि ते मला जास्त अवघड वाटतं. ३ ऑक्टोबर १९५५ ला सामोआच्या आपियाहून टोकेलाऊ बेटांकडे निघालेली छोटी मोटरबोट, २५ माणसं. १० नोव्हेंबरला फिजीच्या उत्तरेला ठरल्या मार्गापासून शेकडो मैल दूर अर्धी बुडालेली सापडली, माणूस एकही नाही. तळातला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा एक पाइप गंजून फुटलेला, त्यातून पाणी शिरलेलं. रेडिओ संकटाच्या २१८२ किलोहर्ट्झवर लावलेला, पण त्याची तार मधेच तुटलेली आणि तुटका भाग रंगाखाली झाकलेला, त्यामुळे हाक दोन मैलांपलीकडे जाणंच शक्य नव्हतं. डेकवर डॉक्टरची बॅग आणि रक्ताळलेल्या पट्ट्या. आणि गंमत अशी की त्या बोटीला आतून बुचाच्या लाकडाचा जाड थर होता, ती बुडूच शकत नव्हती, आणि कॅप्टन मिलरला हे पक्कं माहीत होतं. मग सोडली का? कॅप्टन जखमी झाला किंवा मेला, आणि बुचाची गोष्ट ठाऊक नसलेल्यांनी निर्णय घेतला, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. पण २५ माणसं तराफ्यांवर गेली तर एकही तराफा कुठल्याच बेटाला लागला नाही, इथे माझी मती गुंग होते.

आपल्या बाजूचं म्हणाल तर 'वैतरणा' आहे. नाव आपल्या नदीचंच. विजेचे दिवे होते म्हणून गुजरातेत तिला 'वीजळी' म्हणायचे. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईकडे येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात गेली ती गेलीच. जहाजही नाही, माणसंही नाहीत. तिथे लोकांनी गाणी रचली. रिकामं जहाज सापडलं की कादंबऱ्या होतात, काहीच सापडलं नाही की गाणी होतात, असं काहीतरी दिसतंय.

मेरी सेलेस्टला 'शापित' म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं. ती १८६१ मध्ये नोव्हा स्कॉशियात 'ॲमेझॉन' नावाने बांधली, पहिल्याच खेपेला कॅप्टन आजारी पडून वारला, पुढे १८६७ मध्ये किनाऱ्यावर चढली, नंतर नाव बदललं. मग ब्रिग्ज. या चार गोष्टींची बेरीज करून शाप काढतात. त्या काळच्या कुठल्याही लाकडी जहाजाची कुंडली मांडा, एवढं निघेलच. ब्रिग्जनंतर हे जहाज आणखी बारा वर्षं माल वाहत होतं, तोट्यात का होईना. ३ जानेवारी १८८५ ला कॅप्टन गिलमन पार्करने ते हैतीजवळ रोशेलवा नावाच्या खडकांवर भर दिवसा, शांत समुद्रात नेऊन आदळलं. मालाचा विमा ३०,००० डॉलरचा. वाचवलेला माल तिथल्या अमेरिकन कॉन्सलने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या प्रतिनिधीने, ५०० डॉलरला विकत घेतला आणि खोके उघडून बघितले तर कवडीमोल. त्याने तक्रार केली. बोस्टनला खटला उभा राहिला. जहाज मुद्दाम बुडवल्याची शिक्षा तेव्हा फाशी होती, त्यामुळे ज्यूरीचं एकमत होईना, आणि पार्कर सुटला. तीन महिन्यांनी कफल्लक अवस्थेत वारला.